घाटात मागून वेगवान बाइक आली तर साइड कशी द्यायची? आणि मागच्याने ती कशी घ्यायची?

रविवारी सकाळी सात-साडेसातच्या सुमारास ताम्हिणी घाटात एखाद्या वळणापाशी थांबून पाहिलं, तर दोन प्रकारचे बाइकस्वार दिसतात. एकाच्या मागे बायको किंवा मित्र बसलेला असतो, पाठीवर सॅक असते, वेग तीस-चाळीसच्या आसपास असतो आणि अधूनमधून नजर दरीकडे जात असते. दुसऱ्याच्या अंगावर रायडिंग जॅकेट आणि गुडघ्याला गार्ड असतात. दुपारच्या जेवणाला तो घरी परत पोहोचणार असतो. घाट बघायला तो आलेलाच नसतो, त्याला वळणं चालवायची असतात.

दोघांचाही रस्त्यावर सारखाच हक्क आहे. अडचण येते ती दुसरा पहिल्याच्या मागे येऊन पोहोचतो तेव्हा.

पहिल्याला आरशात हेडलाइट दिसतो, कानावर सायलेन्सरचा आवाज पडतो, आणि पुढचं वळण आलेलं असतं. आता काय करायचं? पटकन डावीकडे व्हायचं? वेग वाढवायचा? हात दाखवायचा? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे कोणी शिकवत नाही. लायसन्सच्या परीक्षेत आठ आकडा काढायला लावतात, पण घाटात साइड द्यायला लावत नाहीत. मग जो तो आपापल्या परीने काहीतरी करतो. एकाने एक अर्थ लावलेला असतो आणि दुसऱ्याने भलताच.

या लेखात सोयीसाठी दोघांना ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ म्हणू. घाटात प्रत्येक जण कधी ना कधी पुढचा असतो आणि कधी ना कधी मागचा. एवढं लक्षात ठेवलं तरी चिडचिड बरीच कमी होते.

जबाबदारी कोणाची?

ओव्हरटेक सुरक्षित होईल याची जबाबदारी मुख्यतः मागच्याची असते. त्याला पुढचा दिसतो, पुढच्याला तो नीट दिसेलच असं नाही. केव्हा निघायचं हेही मागचाच ठरवतो.

भारतात यासाठी २०१७ची मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियम ही नियमावली लागू आहे. तिने १९८९च्या रस्ता वाहतूक नियमांची जागा घेतली. ओव्हरटेक उजवीकडून करायचा, पुढचा रस्ता दिसत नसेल, वळण असेल किंवा चढाचा माथा असेल तर करायचा नाही, हे त्यात आहे. लोकांना सहसा माहीत नसलेला भाग पुढच्याबद्दल आहे. आपल्याला कोणी ओव्हरटेक करत असेल तर वेग वाढवायचा नाही आणि त्याला अडवायचं नाही. म्हणजे ‘मी माझ्या लेनमध्ये होतो, त्याचं तो बघेल’ हे अर्धंच खरं आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगची व्याख्या २०१९च्या दुरुस्तीनंतर जास्त स्पष्ट झाली. नियम मोडून केलेला ओव्हरटेक त्यात थेट येतो. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि दोघंही एकमेकांना मागे टाकायच्या ईर्ष्येने चालवायला लागले, तर ती सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत ठरते. तिच्यासाठी कलम १८९ वेगळं आहे.

रस्त्यावरची रेषाही बोलत असते. मधोमध तुटक रेषा असेल तर सुरक्षित असताना ती ओलांडता येते. सलग रेषा असेल तर नाही. दोन रेषा शेजारी असतील, एक तुटक आणि एक सलग, तर आपल्या बाजूची रेषा बघायची. घाटात वळणाच्या आधी रेषा सलग होते आणि वळण संपून समोरचं दिसू लागलं की पुन्हा तुटक होते. पावसाळ्यानंतर अनेक घाटांत ही रेषा पुसट झालेली असते हे खरं. पण जिथे आहे तिथे ती आखणाऱ्याने समोर किती अंतर दिसतं हे बघूनच आखलेली असते.

वळणात ‘रिकामी’ दिसणारी जागा रिकामी का नसते?

घाटातल्या बऱ्याच भांडणांचं मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

मोटारसायकल वळणातून चारचाकीसारखी लेनच्या मध्यावरून जात नाही. उजवं वळण असेल तर चालवणारा डावीकडून वळणात शिरतो, मधल्या टप्प्यात रस्त्याच्या मध्यरेषेकडे सरकतो आणि बाहेर पडताना पुन्हा डावीकडे येतो. डावं वळण असेल तर उलटं. शिरताना तो मध्यरेषेजवळ असतो, वळणाच्या पोटात डावीकडे, आणि बाहेर पडताना पुन्हा मध्यरेषेकडे. असं केल्याने वळण थोडं मोठं होतं, बाइक कमी झुकवावी लागते आणि पुढचं लवकर दिसतं. ज्याला हे कोणी शिकवलेलं नाही तोही थोड्याफार प्रमाणात हेच करतो, कारण बाइक आपसूक तशी जाते.

आता मागच्याच्या जागेवरून बघा. उजव्या वळणाच्या तोंडाशी पुढचा डावीकडे गेला. मागच्याला वाटलं, साइड दिली. तो उजवीकडून आत घुसला. नेमक्या त्याच क्षणी पुढचा ठरल्याप्रमाणे मध्यरेषेकडे झुकला. दोघांची हँडलं एकमेकांना लागतात किंवा मागचा घाबरून ब्रेक दाबतो. झुकलेल्या बाइकवर जोरात ब्रेक दाबला की ती एकतर घसरते किंवा सरळ उभी होऊन वळणाच्या बाहेर जाते. उजव्या वळणात बाहेर म्हणजे डावीकडे, आणि डावीकडे कुठे डोंगर असतो, कुठे दरी.

त्यानंतर मागचा सांगतो, ‘त्याने मला कट मारला.’ पुढच्याने कट मारलेला नसतो. तो फक्त वळत असतो.

डाव्या वळणातही तेच. पुढचा वळणाच्या पोटात डावीकडे गेला की उजवीकडे मोठी जागा दिसते. ती दोन सेकंदांत बंद होणार असते, कारण बाहेर पडताना तो तिथेच येणार असतो. शिवाय आपण डावीकडून चालवत असल्याने डाव्या वळणात डोंगराची कड दृष्टी अडवते. समोरून एसटी येत असेल तर ती शेवटच्या क्षणी दिसते.

म्हणून वळणात ओव्हरटेक नाही. चालवणारा कितीही कसलेला असला तरी नाही, कारण इथे प्रश्न त्याच्या कौशल्याचा नसून पुढचा काय करणार हे त्याला ठाऊक नसण्याचा आहे. रेसिंग ट्रॅकवर वळणात ओव्हरटेक होतात, पण तिथे समोरून कोणी येत नाही आणि पुढच्याला आपल्या मागे स्पर्धक आहेत हे माहीत असतं. घाटातल्या माणसाला तो स्पर्धेत आहे याची कल्पनाही नसते.

सरळ रस्ता आला की वेग वाढवणारे

घाटात सगळ्यात जास्त डोकं फिरवणारा माणूस हळू चालवणारा नसतो. वळणात हळू आणि सरळ रस्त्यावर भन्नाट चालवणारा असतो.

हे तो मुद्दाम करत नाही. वळणात त्याला भीती वाटते, म्हणून वेग पंचवीसवर येतो. वळण संपलं, समोर दोनशे मीटर सरळ रस्ता दिसला की जीव भांड्यात पडतो आणि हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो. वेग सत्तर. मागच्याला ओव्हरटेक करायला मिळणारी एकमेव जागा म्हणजे तो सरळ तुकडा, आणि नेमका तिथेच पुढचा पळतो. पुढचं वळण आलं की पुन्हा पंचवीस. असं दहा वळणं झालं की मागच्याचा संयम सुटतो आणि मग तो नको तिथे घुसतो.

साइड देण्यातला सगळ्यात उपयोगी भाग यामुळेच अगदी साधा आहे. वळणात आपल्याला झेपेल त्याच वेगाने चालवा. वळण संपून सरळ रस्ता लागला आणि मागे कोणी अडकलं असेल, तर वेग वाढवू नका. उलट ॲक्सिलरेटर थोडा सोडा.

याने किती फरक पडतो? ढोबळ हिशेब करून बघता येतो. पुढचा ताशी ४० किलोमीटरने चालला आहे, मागचा ५५ने पुढे जातो. दहा मीटर मागून सुरुवात करून दहा मीटर पुढे जाईपर्यंत, दोन्ही बाइकची लांबी धरून, त्याला साधारण २४ मीटर जास्त कापावे लागतात. वेगातला फरक १५चा, म्हणजे सेकंदाला जेमतेम चार मीटर. या ओव्हरटेकला पावणेसहा सेकंद लागतात. तेवढ्यात मागचा ८८ मीटर पुढे जातो आणि समोरून ताशी ४०ने येणारी एसटी ६४ मीटर जवळ येते. म्हणजे सुरुवात करताना समोर निदान दीडशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. घाटात एवढा सरळ तुकडा मोजकाच मिळतो.

आता पुढच्याने फक्त ॲक्सिलरेटर सोडला आणि वेग ३०वर आणला. फरक २५चा झाला. ओव्हरटेक साडेतीन सेकंदांत संपतो आणि लागणारा मोकळा रस्ता दीडशेवरून नव्वद मीटरवर येतो. ब्रेक नाही, थांबणं नाही, रस्त्याखाली उतरणं नाही. मनगट जरासं सैल सोडलं, बस्स.

याच हिशेबात वरचा बफर घेतलेला नाही. एसटी ४०च्या ऐवजी ६०ने येत असेल किंवा मागचा गिअर चुकला तर आकडे लगेच बिघडतात. त्यामुळे नव्वद मीटर दिसले म्हणून लगेच निघायचं असा याचा अर्थ नाही.

पुढच्याने नेमकं काय करायचं?

वळणात आरशात बघू नये, हा पहिला मुद्दा. बाइक नजर जाते तिकडे जाते. वळणाच्या मध्यात मागचा किती जवळ आला हे बघायला गेलं की वळण मोठं होतं आणि माणूस दुसऱ्या लेनमध्ये किंवा साइडपट्टीवर जातो. आरसा बघायची जागा म्हणजे वळण संपल्यावर, सरळ रस्त्यावर. अनेक बाइकचे आरसे बहिर्वक्र असतात. त्यात मागचं वाहन असतं त्यापेक्षा लांब दिसतं हेही ध्यानात ठेवायला हवं.

मागे कोणी आहे हे कळलं की घाबरून लगेच डावीकडे उतरायची गरज नाही. घाटात डावीकडची कड ही सगळ्यात वाईट जागा असते. डोंगर डावीकडे असेल तर तिथे गटार, पडलेली दरड, ओली माती असते. दरी डावीकडे असेल तर डांबराची कड तुटलेली, पलीकडे खडी, आणि कठडा असलाच तर गुडघ्याएवढा. पावसाळ्यात डांबर आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर फरक पडतो आणि ती कड टायरला पकडते. साइड देणं म्हणजे रस्ता सोडणं नव्हे. लेनच्या डाव्या भागात, डांबरावरच, सरळ आणि एका गतीने चालत राहणं पुरेसं आहे. मागच्याला सर्वांत जास्त हवं असतं ते म्हणजे पुढचा काय करणार याचा अंदाज.

अचानक ब्रेक मारून साइड देणारे बरेच असतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. मागचा वेग वाढवायच्या तयारीत असतो आणि पुढचा एकदम त्याच्या अंगावर येतो. ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यावा, हे जास्त बरं.

मागे एकामागून एक पाच-सहा वाहनं साचली असतील तर रुंद जागा बघून सरळ थांबावं. घाटात अशा जागा असतात: एखादा पॉइंट, चहाची टपरी, एसटीचा थांबा, धबधब्यासमोरची मोकळी जागा. मात्र वळणावर किंवा वळणाच्या लगेच नंतर थांबू नये. इंडिकेटर आधीपासून द्यावा. परदेशात काही ठिकाणी याचा लेखी नियमच आहे. कॅलिफोर्नियात दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करणं सुरक्षित नसेल आणि हळू चालणाऱ्या वाहनामागे पाच किंवा जास्त वाहनं साचली असतील, तर त्याने जवळच्या सुरक्षित जागी बाजूला व्हायलाच हवं. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्येही मागे लांब रांग साचू देऊ नका, गरज पडल्यास बाजूला घेऊन वाहतूक जाऊ द्या, असं सांगितलं आहे. आपल्याकडे घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने प्राधान्य द्यायचा नियम आहे, पण तो अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलेल्या वाहनांसाठी. मागून येणाऱ्यांच्या बाबतीत सारं समजुतीवर चालतं.

आणखी एक. पुढच्याचा वेग वाढवणं हे त्याचं काम नाही. मागे सुपरबाइक आहे म्हणून चाळीसचा पंचेचाळीस, पंचेचाळीसचा पन्नास करत गेलेला माणूस पुढच्या हेअरपिनला चुकतो. घाटात नवख्या माणसाने स्वतःची पातळी ओलांडण्याचं हे नेहमीचं कारण. मागचा वाट बघू शकतो. त्याला उशीर होईल, इतकंच.

इशारा कोणता आणि त्याचा अर्थ कोण लावणार?

इथे आपल्याकडे खरा गोंधळ आहे.

हायवेवर ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो. त्याचा अर्थ काय? कायद्याने अर्थ एकच, तो उजवीकडे वळणार किंवा सरकणार आहे. पण अनेक ड्रायव्हर तोच इंडिकेटर ‘ये, उजवीकडून जा’ म्हणून देतात. काही जण ‘समोरून गाडी आहे, येऊ नको’ म्हणून देतात. डाव्या इंडिकेटरचंही तसंच. एकाच दिव्याचे तीन अर्थ, आणि त्यातले दोन एकमेकांच्या विरुद्ध. दुचाकीस्वारांनी ही सवय उचलू नये. इंडिकेटर वळण्यासाठी आणि थांबण्यासाठी ठेवावा.

मग ‘जा’ कसं सांगायचं? १९८९च्या नियमांत यासाठी हाताचा इशारा होता. उजवा हात बाहेर काढून मागून पुढे अर्धगोलात हलवायचा. ट्रक आणि कारसाठी ठीक, पण मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्याच हातात असतात. तो हात काढला की बाइकचा वेग झटकन पडतो आणि ब्रेकही हातचा जातो. म्हणून बाइकस्वार डावा हात वापरतात, कमरेच्या उंचीवर मागून पुढे हलवून. तोही फक्त सरळ रस्त्यावर आणि क्लचची गरज नसताना. वळणात दोन्ही हात हँडलवरच.

पण हात दाखवणाऱ्याने एक सांभाळावं. ‘जा’ म्हणणं म्हणजे ‘समोर कोणी नाही, मी बघितलंय’ असं वचन देण्यासारखं आहे. खात्री नसेल तर हात दाखवू नये, नुसता वेग कमी करावा. आणि मागच्याने हात दिसला तरी स्वतः बघितल्याशिवाय निघू नये. ट्रकवाल्याने हात दाखवला म्हणून डोळे मिटून निघालेल्याला समोरून येणारी गाडी सोडत नाही.

हॉर्नबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये व्यावसायिक वाहनांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली, कारण ती पाटी विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन देते असं सरकारचं म्हणणं होतं. शहरात ते बरोबरच. घाटात मात्र आंधळ्या वळणाआधी एक छोटा हॉर्न आवश्यक असतो. तो समोरून येणाऱ्यासाठी असतो. पुढच्या बाइकवाल्यासाठी वाजवायचाच तर ओव्हरटेकला निघण्याच्या क्षणी एकदा, हलका. वळणात त्याच्या मागे लागून सतत हॉर्न वाजवणं म्हणजे शिडीवर चढलेल्या माणसाला खालून हाका मारणं.

रात्री हॉर्नऐवजी डिपर. दिवसा हेडलाइट चालू असणं हा मात्र इशारा नाही. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत चालूच असतो, तो बंद करता येत नाही. तरीही समोरून येणारे लोक अजून पाच बोटं मिटून-उघडून ‘लाइट चालू आहे’ असं प्रेमाने सांगतात. समोरून कोणी डिपर दिला तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’ असा असतो. ब्रिटनमध्ये अनेक जण तोच इशारा ‘तू जा’ या अर्थाने देतात. तिकडे काही वर्षं राहून आलेल्यांनी पहिल्या घाटात हे विसरू नये.

मागच्याने काय करू नये?

चिकटून चालवू नये. पुढच्यापासून किमान दोन सेकंदांचं अंतर हवं, रस्ता ओला असेल तर त्याच्या दुप्पट. चिकटल्याने ओव्हरटेक लवकर होतो हा भ्रम आहे. उलट मागे राहिलं तर पुढचं वळण जास्त दिसतं आणि सरळ रस्ता लागताच वेग वाढवायला जागा मिळते. चिकटलेल्याला आधी वेग वाढवताच येत नाही, त्यामुळे त्याचा ओव्हरटेक दुसऱ्या लेनमध्ये जास्त वेळ चालतो.

जाताना लांबून जावं. घासून गेलेल्या बाइकमुळे पुढचा दचकतो, आणि दचकलेला माणूस हँडल हलवतो. त्याच्या मागे बसलेला तर आणखी दचकतो. पुढे गेल्यावर लगेच त्याच्या तोंडासमोर डावीकडे येऊ नये. आणि ओव्हरटेक करून शंभर मीटरवर फोटोसाठी थांबायचं असेल तर मुळात ओव्हरटेक करू नये. हे सांगावं लागतं, कारण पावसाळ्यात घाटात हे दर अर्ध्या तासाला दिसतं.

पुढे ट्रक असेल तर वेगळी काळजी. चढावर हेअरपिन घेताना लांब ट्रक आधी बाहेरच्या बाजूला जातो आणि मग वळतो. त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. डाव्या हेअरपिनला ट्रक उजवीकडे गेला, डावीकडे मोठी फट पडली, आणि बाइकवाला तिथून घुसला, तर ती फट मिटत जाते आणि एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला डोंगर उरतो. ट्रक हेअरपिनला लागलेला असेल तर मागे थांबावं, त्याने वळण पूर्ण करावं, मग बघावं.

खंबाटकीसारख्या घाटात, जिथे वर जाणारी वाहतूक घाटातून आणि येणारी बोगद्यातून अशी वर्षानुवर्षं विभागलेली आहे, तिथे समोरून कोणी येणार नाही म्हणून लोक वळणातही मोकळे होतात. पण वळणात पुढचा मध्याकडे सरकतो ही गोष्ट एकेरी रस्त्यावरही बदलत नाही, आणि बंद पडलेला ट्रक कोणत्याही वळणामागे उभा असू शकतो.

ग्रुप असेल तर

एकट्याने ओव्हरटेक करणं आणि दहा जणांनी करणं यात मोठा फरक आहे. ग्रुपचा लीडर समोरचं बघून ओव्हरटेक करतो आणि दुसरा त्याच्या मागे तसाच निघतो. रेल्वेच्या डब्यांसारखे सगळे एका इंजिनाच्या भरवशावर. पण लीडरला मोकळा दिसलेला रस्ता तिसऱ्याला मोकळा असेलच असं नाही. प्रत्येकाने स्वतः बघून, स्वतःचा निर्णय घेऊन जायचं असतं, मग ग्रुप तुटला तरी चालेल. पुढच्या टपरीवर सगळे भेटतातच.

ओव्हरटेक होणाऱ्याची इथे वेगळीच चूक होते. एक बाइक गेली, त्याला वाटलं संपलं, तो पुन्हा उजवीकडे आला, आणि दुसरी तिथेच असते. घाटात एक वेगवान बाइक गेली की मागे अजून आहेत असंच धरावं आणि आरसा बघितल्याशिवाय जागा बदलू नये. काही ग्रुपमधले लोक जाताना डाव्या हाताची बोटं दाखवून मागे किती जण आहेत ते सांगतात. पद्धत छान आहे, फक्त समोरच्याला ती माहीत असेलच असं नाही.

ग्रुपलाच कोणी ओव्हरटेक करायचा असेल तर ग्रुपने दोन-दोन बाइकमध्ये जागा सोडावी, म्हणजे मागून येणाऱ्याला टप्प्याटप्प्याने जाता येईल. सरळ रस्त्यावर नागमोडी रचनेत चालणाऱ्या ग्रुपनेही वळणात एका रांगेत यावं. आणि ग्रुपमधला सगळ्यात नवखा शेवटी नको, लीडरच्या लगेच मागे हवा. शेवटचा राहिलेला नवखा गाठायच्या नादात सगळ्यात वेगाने चालवतो.

स्थानिकांचं काय?

घाटात सर्वांत वेगवान बाइक बऱ्याचदा सर्वांत महाग नसते. दुधाच्या कॅन लावलेली शंभर सीसीची बाइक सहा लाखांच्या बाइकला आरामात मागे टाकते. तो माणूस रोज दोनदा तिथून जातो. कुठल्या वळणाला वरून पाणी येतं, कुठे खडी साचते, कुठे गुरं बसतात, सगळं त्याला पाठ असतं. त्याला साइड द्यायला कमीपणा वाटून घेऊ नये, आणि तो गेला त्या वेगाने त्याच्या मागेही जाऊ नये. त्याची वळणं पाठ आहेत, आपली नाहीत.

मागचा मुद्दाम त्रास देत असेल तर?

कधी कधी मागच्याला पुढे जायचंच नसतं, त्याला सतवायचं असतं. विशेषतः बाई चालवत असेल तर हा अनुभव जास्त येतो. मागे राहून सायलेन्सरचे आवाज काढणं, पुढे जाऊन हळू होणं, पुन्हा मागे येणं. तिथे साइड देण्याचे शिष्टाचार संपतात. वेग वाढवून सुटायचा प्रयत्न घाटात करू नये, आणि निर्जन जागी थांबूही नये. माणसं असलेली जागा, म्हणजे टपरी, हॉटेल, टोलनाका किंवा चेकपोस्ट येईपर्यंत आपल्या गतीने चालत राहावं आणि तिथे थांबून ११२वर फोन करावा. गाडीचा नंबर लक्षात राहिला तर उत्तम, पण तो वाचण्यासाठी वळणात मान वळवू नये. घाटात अनेक टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून फोनच्या आधी माणसं शोधणं महत्त्वाचं. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ही हेल्पलाइन आहे, आणि अपघात झाला तर महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

आणि गेल्यावर?

बहुतेक वेळा यातलं काही होत नाही. पुढचा सरळ रस्त्यावर थोडा हळू होतो, मागचा नीट बघून लांबून जातो, चार सेकंदांत विषय संपतो. तेव्हा गेलेल्याने आभार मानायची पद्धत जगभर आहे. फ्रान्स आणि आसपासच्या देशांत बाइकस्वार त्यासाठी एक पाय बाहेर काढतात, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर गुंतलेला असतो. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे ओव्हरटेक करून गेलेल्याचा उजवा पाय मागे राहिलेल्याला सहज दिसतो. आपल्याकडे कोणी पाय बाहेर काढला तर मागचा समजेल की लाथ दाखवली. इथे डावा हात जरा वर करणं किंवा हेल्मेट हलवून मान डोलावणं चालतं, आणि तेही पुढचं वळण यायच्या आत.